आत्यासाठी क्रोशाचा स्वेटर विणतोय. तिचा उजवा खांदा आखडलेला आहे, घडण कशी ठेवू?

अंबडचा_भाचा

नमस्कार मंडळी. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर आहे. क्रोशाची सुई शाळेपासून हातात आहे आणि ती माझ्या हातात दिली आत्यानं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं निफाडजवळ तिच्या मळ्यात असायचो. दुपारच्या उन्हात बाहेर पडायला बंदी. मग आत्या ओसरीवर पाय लांब करून तोरण, रुमाल, टीव्हीवरचं झाकण असं काहीबाही विणत बसायची आणि मी शेजारी साखळ्या घालत बसायचो. आमच्या घराण्यात ज्या ज्या मुलीचं लग्न झालं, तिच्या रुखवतात आत्याच्या हातचं काहीतरी मांडलेलं असायचंच. मुलगा असून विणतो म्हणून कुणी मला हसलं, तर ती म्हणायची, "हाताला काम येतंय ना त्याच्या? मग झालं."

येत्या पौषात तिला पंचाहत्तर पूर्ण होतील. आता तिची बोटं सुजतात, विणणं बंद झालंय. आजवर तिनं सगळ्यांसाठी विणलं, तिच्यासाठी कुणीच नाही. म्हणून मला तिच्यासाठी पूर्ण बाह्यांचा, पुढून उघडणारा स्वेटर करायचा आहे.

अडचण तिच्या उजव्या खांद्याची आहे. शुगर आहे, खांदा गेल्या वर्षी आखडला. व्यायामानं थोडा सुटलाय, पण हात मागे वळत नाही. मी परवा तिकडे होतो तेव्हा नीट बघितलं. ती डावा हात पटकन बाहीत घालते. मग उजवी बाही पाठीमागे लोंबत राहते. ती धरायला ती हात मागे नेते, बोटं जेमतेम कमरेच्या बाजूपर्यंत पोचतात आणि तिथंच थांबतात. मग वहिनी येऊन बाही पुढे धरते. दिवसा हे चालतं. पण आत्या उठते पहाटे पाचला आणि सुनेला उठवायचं नाही हा तिचा नेम. त्यामुळे ती नुसती शाल गुंडाळून बाहेर येते. शाल कामात खांद्यावरून घसरते, शेवटी ती काढून खुंटीला टांगते आणि तशीच वावरते. निफाडची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो, ५-६ अंशांपर्यंत उतरला तरी तिकडे कुणाला नवल वाटत नाही.

तेव्हा माझी अट एकच आहे. हा स्वेटर तिला पहाटे, एकटीला, कुणाच्या मदतीशिवाय घालता आला पाहिजे. तो दिसायला साधा झाला तरी चालेल.

मेन रोडवरून लोकरीचे दोन नमुने आणलेत. एक ॲक्रिलिक आणि एक शुद्ध लोकर, जाडी सारखीच. दोन्हींचे ४ मिमीच्या सुईवर १५ सेंमीचे चौकोन विणले, धुतले, सपाट वाळवले आणि कडेचे टाके सोडून मधले १० सेंमी मोजले. १६ खांब (सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन घातलेला उंच टाका), ९ ओळी. दोन्हींत फरक नगण्य. वहिनीनं साडीवरून छातीचं माप घेऊन पाठवलंय, ९६ सेंमी.

कामावर मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतो आणि सकाळी घेतलेलं माप संध्याकाळीही तेच असतं. विणलेलं कापड तसं नाही. ते अंगावर लोंबतं, धुतलं की सैलावतं. त्यामुळे ठरत नाहीये. गळ्यापासून खाली अखंड विणू, की पाठ, पुढचे दोन भाग आणि बाह्या वेगळ्या करून जोडू? ॲक्रिलिक घेऊ की लोकर? आणि सुजलेल्या बोटांना बटणं कशी लावू? तिला यातलं काही सांगितलेलं नाही, अचानक द्यायचा विचार आहे.

लोकरगुंडी

भाऊ, गळ्यापासून खाली अखंडच विणा. तुमच्या कामात हीच घडण बसते, कारण मधेच थांबून अंगावर लावून बघता येतं. तुकडे जोडले की मुंढ्याला, म्हणजे बाही अंगाला मिळते तिथं, शिवण येते, ती जाड होते, आणि आखडलेल्या खांद्याला नेमकी तिथंच टोचते.

तुमच्या मापावरून मी कागदावर मांडलं, ते देते. गळ्याला ६८ खांब धरा आणि चार कोपऱ्यांना, म्हणजे बाह्या पुढच्या भागांना आणि पाठीला मिळतात तिथं, एकेक साखळी. वाटणी अशी: पुढचा भाग १२, बाही १०, पाठ २४, बाही १०, पुढचा भाग १२. पहिल्या ६ ओळींत प्रत्येक कोपऱ्यातल्या साखळीत २ खांब, १ साखळी, २ खांब घाला, म्हणजे दर ओळीला १६ खांब वाढतील. पुढच्या १४ ओळींत कोपऱ्यात १ खांब, १ साखळी, १ खांब एवढंच घाला, मग दर ओळीला ८ वाढतील. सगळ्या २० ओळींत पहिलीच वाढ ठेवली तर योक (गळ्यापासून काखेपर्यंतचा वरचा भाग) पसरट होतो आणि काखेत चुण्या गोळा होतात. सगळीकडे दुसरी ठेवली तर छातीला पुरत नाही.

२० ओळींनंतर तुमचा योक साधारण २२ सेंमी खोल झालेला असेल आणि खांब होतील २७६. पाठ ७६, प्रत्येक बाही ६२, पुढचे भाग ३८-३८. आता बाह्यांचे खांब सोडून द्या आणि प्रत्येक काखेत ८ साखळ्या घालून पाठ पुढच्या भागांना जोडा. अंगाचा घेर १६८ खांब, म्हणजे १०५ सेंमी. त्यात बटणपट्टी धरली की १०८ च्या आसपास. ९६ छातीला १२ सेंमी ढिलाई साडीवरून हवीच. बाही काखेतल्या साखळ्या धरून ७० खांब येईल, जवळजवळ ४४ सेंमी घेर. एरवी मी कुणाला एवढी रुंद बाही सांगत नाही, पण इथे हवी. कोपरापर्यंत तशीच ठेवा, कोपराखाली हळूहळू घटवा.

काखेच्या खाली नुसत्या खांबांत वारा शिरतो. तिथून एक ओळ खांब, एक ओळ मुका खांब (बुटका टाका) असं करत जा. अंगाला दाट बसतं आणि कमी लोंबतं.

एक काम आजच करा. तुमचा चौकोन चिमट्यांनी दोरीला टांगा, खालच्या कडेला आणखी चार-सहा चिमटे लावा आणि दोन दिवसांनी परत मोजा. जेवढा उतरला, त्या हिशेबानं लांबी कमी धरा. लोकर सगळी एकदम घ्या, लेबलावरचा डाय लॉटचा (एका वेळी रंगवलेल्या मालाचा) नंबर सगळ्या गुंड्यांवर एकच बघा. ६०० ग्रॅम धरून चला आणि वर एक गुंडा.

आणि अचानक देण्याचं मनातून काढा. ज्या बाईनं तुम्हाला सुई धरायला शिकवली तिला अर्धा योक नेऊन दाखवा. अंगावर लावल्याशिवाय हे काम बरोबर होणार नाही, आणि तिलाही त्यात भाग घेऊ द्या.

द्राक्षपंढरी

एवढा खटाटोप कशाला? शरणपूर रोडला तिबेटियन मार्केटमध्ये पुढून उघडे, छान उबदार स्वेटर मिळतात. किंवा पोंचो विणा. बाह्याच नाहीत, तर खांद्याचा प्रश्नच नाही.

अंबडचा_भाचा

तयार स्वेटर तिच्याकडे आहेत, दोन. प्रश्न त्यांच्या मुंढ्याचाच आहे. पोंचोचा विचार मीही केला होता. पण आत्या पहाटे बसून राहत नाही. पाणी तापवते, गोठ्यात जाते, चुलीपुढे वाकते. पोंचोची कड पुढे लोंबते आणि हात वर केला की सगळं वर सरकतं. शालीचं जे झालं तेच त्याचं होईल.

लोकरगुंडी ताई, तुम्ही एवढं मांडून दिलंत, मनापासून आभार. गणित तपासलं, चोख आहे.

फिजिओ_सिडको

मी रोज असे खांदे बघते, म्हणून लिहिते. तुमच्या वर्णनात एक गोष्ट लगेच दिसली. आत्या आधी चांगला हात घालतात आणि मग दुखरा. हे उलटं करायचं. घालताना दुखरा हात पहिला, काढताना दुखरा हात शेवटचा. स्वेटर मांडीवर पसरायचा, आतली बाजू वर, गळा पोटाकडे. डाव्या हातानं उजवी बाही गोळा करून उजव्या हातावर चढवायची, थेट खांद्यापर्यंत. मग डाव्या हातानंच गळ्याची कड धरून पाठीवरून ओढून घ्यायची आणि शेवटी डावा हात मागे नेऊन बाहीत घालायचा. मागे वळायचं काम चांगल्या हातानं करायचं. हे त्यांना जुन्या स्वेटरवर आजच शिकवता येईल, नवा तयार होईपर्यंत थांबायला नको.

याचा तुमच्या विणकामाशी संबंध असा. चांगल्या हाताला मागे जाऊन बाहीचं तोंड शोधायचं आहे, तेव्हा डावा मुंढाही उजव्याइतकाच रुंद ठेवा. पाठीला ढिलाई हवी, कारण तिथूनच सगळं ओढलं जातं. आणि वजन बघा. कॉटनचा जाड दोरा कुणी सुचवला तर घेऊ नका, तो जड होतो आणि त्याचा सगळा भार खांद्यावर येतो.

बटणं बोटाच्या पेराएवढी मोठी, २५ मिमीच्या आसपासची, मागे दांडी असलेली लावा म्हणजे चिमटीत धरता येतात. चार पुरेत. वेल्क्रो लोकरीत अडकतं आणि टाके ओढून काढतं. हल्ली लोहचुंबकाची बटणं मिळतात, वापरायला फार सोपी आहेत, पण पेसमेकर बसवलेल्यांनी ती छातीशी ठेवू नयेत. आत्यांना तो असेल तर तो विचार सोडा.

व्यायाम चालू ठेवायला सांगा. थोडं सुटलंय म्हणता, ते पुन्हा आखडू देऊ नका.

विंचूर_रोड

दादा, मी तुमच्या आत्यांच्याच पट्ट्यात राहते, आमचीही बाग आहे. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. तुम्ही लोकर की ॲक्रिलिक विचारलंत, त्यावर सांगते.

लोकरच घ्या. कारण विस्तव. थंडी फार उतरली की द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक चालू ठेवतो. म्हातारी माणसं शेकोटीला अगदी खेटून बसतात. वर तुम्हीच लिहिलंय की त्या चुलीपुढे वाकतात. ॲक्रिलिक पेटलं की वितळतं आणि तो गरम रस कातडीला चिकटतो. लोकर ठिणगीनं करपते, पण सहसा भडकत नाही, विस्तव बाजूला केला की विझते.

दुकानदार लोकर म्हणून काय देतोय त्याची खात्री घरी होते. बोटभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा. खरी लोकर केस जळाल्यासारखी वासते आणि राख बोटानं चुरडली जाते. ॲक्रिलिकचा काळा कडक मणी तयार होतो, तो चुरडत नाही. सुताला कागद जळाल्याचा वास येतो.

आता पदराचं. आत्या डोक्यावरून पदर घेतात का? घेत असतील तर कॉलर नको आणि मागचा गळा उंच नको. पदर तिथं अडतो आणि सारखा मागे ओढला जातो. आणि पदर स्वेटरच्या आत असतो की बाहेर, हे बघून या. आमच्या सासूबाई आत घेतात, त्यामुळे डाव्या खांद्यावर साडीचे थर येतात आणि डावी बाजू नेहमी आखूड पडते.

हातात बांगड्या असतील तर बाहीला जाळीदार नक्षी अजिबात नको. काचेची बांगडी प्रत्येक भोकात अडकते, पाटलीचं टोकही अडकतं. मनगटाला शेवटच्या चार-पाच ओळी मुक्या खांबाच्या घाला आणि बांगड्यांसकट मूठ जाईल एवढा घेर ठेवा. चार बोटं आत घालून तपासू नका, बांगड्या घालूनच तपासा.

लोकर धुवायला मशीनमध्ये टाकली तर आटून पार घट्ट होते, हे तुमच्या वहिनींना आधीच सांगून ठेवा. कोमट पाण्यात बुडवून, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि खाटेवर सपाट वाळवायची. उन्हाळ्यात ट्रंकेत ठेवताना कडुनिंबाचा वाळवलेला पाला घाला, नाहीतर कसर लागते.

नाशिकरोड_टेलर

मी विणत नाही, शिवतो. पण बाही चढवण्याच्या गोष्टीवर माझ्याकडे इलाज आहे. बाहीला आतून अस्तर लावा. लोकर ब्लाउजच्या सुती कापडावर धरते, सरकत नाही. आखडलेल्या हातावर बाही ओढताना अर्धा जोर तिथंच जातो. आतून गुळगुळीत कापड असलं की हात सरळ निसटून जातो. कोटाच्या बाहीला अस्तर असतं त्याचं एक कारण हेच आहे.

बाजारात अस्तराला टफेटा, साटीन मिळेल, पण ते बहुतेक पॉलिएस्टरचं असतं, आणि वर ताईंनी विस्तवाचं सांगितलंच आहे. घरात आत्यांची जुनी, वापरून मऊ झालेली रेशमी साडी असेल तर तिचं करा. काठ आणि जरीचा भाग सोडून मधलं कापड घ्या. आधी धुऊन घ्या, रंग जातो का बघा.

विणलेलं ताणतं, कापड ताणत नाही, म्हणून अस्तर उभ्या-आडव्या धाग्यात कापलं तर ते टाके ओढून फाडेल. उरेब, म्हणजे तिरकं, कापा. उरेब कापड थोडं ताण घेतं. बाहीच्या लांबीपेक्षा दोन-अडीच सेंमी जास्त ठेवा आणि मुंढ्यापाशी आणि मनगटापाशी हातानं सैल टिपून घ्या, मशीन मारू नका. पूर्ण स्वेटरला अस्तर लावू नका, जड होईल. दोन्ही बाह्या आणि पाठीचा वरचा योक एवढं पुरे. योकला आतून कापड लागलं की खांदेही लोंबत नाहीत.

बटणपट्टीच्या मागून सुती फीत लावा, बटण त्या फितीत धरून शिवा. नुसत्या विणीवर बटण लावलं की वीण पुढे ओढली जाते आणि काज डोळे वटारल्यासारखं उघडं पडतं.

अंबडचा_भाचा

सगळ्यांचे आभार. काम बरंच पुढे गेलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

लोकर घेतली, गडद डाळिंबी रंगाची, एकाच लॉटची. धागा जाळून बघितला, राख चुरडली गेली. चौकोन टांगून ठेवला होता, तो १५ सेंमीला अर्धा सेंमी उतरला. त्या हिशेबानं खालची लांबी कमी धरलीय.

लोकरगुंडी ताईंचं ऐकून योक पूर्ण झाल्यावर बाह्या सोडण्याआधीच निफाडला घेऊन गेलो. आत्या ओसरीवर ऊन खात बसली होती. मी तिच्या मांडीवर योक ठेवला आणि सांगितलं की हे तुझ्यासाठी चाललंय. ती काही बोलली नाही. चष्मा मागवला, योक उलटा केला आणि आधी मागची बाजू बघितली. कोपऱ्यातल्या वाढीवरून अंगठा फिरवत एकेक कोपरा वरपासून खालपर्यंत तपासला. मग म्हणाली, "सहाव्या ओळीनंतर वाढ कमी केलीस. कुणी सांगितलं?" मी तुमचं सांगितलं. "बाईचा हात जाणता आहे," असं तुम्हाला कळवायला सांगितलंय.

अंगावर लावल्यावर तीन गोष्टी समजल्या ज्या मापाच्या फितीतून कधीच समजल्या नसत्या. ती पदर आतच घेते, त्यामुळे डाव्या खांद्यावर खरोखर दोन बोटं जास्त लागतात. डावीकडच्या पुढच्या भागाला आणि डाव्या बाहीला मुंढ्यापाशी आणखी दोन ओळींची वाढ देतोय. दुसरं, तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलाय, बहुतेक दुखण्यामुळे ती तसा धरते. तिथं काही केलं नाही, कारण तो सुटला तर पुन्हा वर येईल आणि येवो. तिसरं म्हणजे गळा. मी गोल ठेवला होता, तिला पुढून थोडा खाली हवा, गळ्याशी काही आलं की गुदमरतं म्हणाली. तिच्यासमोरच पुढच्या कडेच्या ओळी उसवल्या आणि उतार दिला. किती उसवायच्या ते ती बोट ठेवून सांगत होती.

फिजिओ ताई, बाही आधी उजव्या हातावर चढवण्याचं तुमचं तंत्र तिच्या जुन्या स्वेटरवर करून बघितलं. पहिल्यांदा गळा कुठे नि बाही कुठे हे तिला सापडेना. वहिनीनं उजव्या बाहीच्या मुंढ्याला आतून पिवळ्या दोऱ्याची खूण शिवली, मग जमलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आत्या तो घालून बाहेर आली. जुन्याचा मुंढा अरुंद आहे म्हणून चढवताना वेळ लागतो, पण एकटीनं घातला. नव्यालाही तशीच खूण घालणार आहे, डाळिंबीवर पिवळा पहाटेच्या मिणमिणत्या दिव्यातही दिसतो. पेसमेकर नाही, पण चुंबकाचं तिला पटलं नाही. करवंटीची मोठी बटणं घेतलीत, दांडी असलेली. ती तिच्या चिमटीत बसतात.

अस्तराला तिनं स्वतः साडी काढून दिली. तिच्या थोरल्या मुलाच्या बारशात नेसली होती ती, मोरपिशी रेशमी. मी म्हटलं, "ही कापायची नाही," तर म्हणाली, "ट्रंकेत ठेवून ती काय माझं अंग गरम करणार आहे?" वहिनी नाशिकला येईल तेव्हा उरेब कापून देणार आहे, ती शिवण शिकलीय.

आता एकच अडलंय. आत्याला खिसा हवाय, डावीकडे, खोल. त्यात चष्म्याची डबी, गोठ्याची किल्ली आणि बटाट्याएवढी टॉर्च राहणार. अखंड विणल्यामुळे बाजूला शिवण नाही, जिच्यात खिसा धरावा. वरून चौकोन विणून लावला तर एवढ्या वजनानं पुढचा भाग ओढला जाईल आणि सगळा भार पुन्हा खांद्यावर. काय करू?

लोकरगुंडी

आत्यांना माझा नमस्कार सांगा. डावीकडच्या वाढीव ओळी दिल्यावर काखेतल्या साखळ्या तिकडे ८ च्या ऐवजी ६ करा, नाहीतर काखेत झोळ येईल.

खिशाचं तोंड विणीतच ठेवा. कमरेच्या वर जिथं हात सहज पडतो त्या ओळीत २४ खांबांच्या जागी २४ साखळ्या घाला, म्हणजे १५ सेंमीची फट पडेल. पुढच्या ओळीत त्या साखळ्यांवर खांब घालत जा. फटीच्या दोन्ही कडांना मुक्या खांबाची एकेक ओळ घट्ट घाला म्हणजे तोंड पसरणार नाही. आतली पिशवी विणू नका, ती ताणते. कापडाची करा. ती कशाला टांगायची ते टेलर काका सांगतील.

नाशिकरोड_टेलर

खिशाची पिशवी जाड सुती कापडाची करा, मांजरपाट चालेल. फटीला ती नुसती हातशिलाईनं धरायची, वजन तिच्यावर टाकायचं नाही. वजनासाठी पिशवीच्या पुढच्या कडेला आतून एक सुती फीत वर न्या आणि बटणपट्टीच्या मागची जी फीत आहे तिच्यात पक्की टिपा. दुसरी फीत पिशवीच्या मागच्या कडेपासून काखेकडून वर न्या आणि पाठीच्या योकच्या अस्तरात टिपा. असं केलं की भार पाठ आणि पुढची पट्टी दोन्हीवर वाटला जातो आणि वीण मोकळी राहते. फिती ताणून शिवू नका, आत्यांच्या अंगावर स्वेटर घालून, खिशात त्यांचंच सामान भरून, मग लांबी धरा आणि टाचणी लावा.

टॉर्च जड असेल तर लहान घेऊन द्या, आता अंगठ्याएवढ्याही मिळतात. किल्लीला दोरी लावून ती खिशाच्या आत बांधून टाका, वाकल्यावर गोठ्यात पडणार नाही. वहिनींना उरेबाची कापणी अवघड वाटली तर साडी घेऊन माझ्याकडे पाठवा, कापून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.

अंबडचा_भाचा

काका, दोन्ही फितींचं समजलं. दुसरी फीत योकच्या अस्तरात टिपायची म्हणजे अस्तर आधी आणि खिसा नंतर, असाच क्रम ना? तसं असेल तर रविवारी वहिनीला साडी घेऊन तुमच्याकडेच आणतो. नाशिकरोडला कुठे यायचं ते मला मेसेजमध्ये कळवा.

नाशिकरोड_टेलर

हो, अस्तर आधी. स्वेटर सोबत आणा, बाह्या झालेल्या नसल्या तरी चालेल. रविवारी दुपारी दोनपर्यंत दुकान उघडं असतं.